ठमाक्काचं विरजण

तर ऐका. एक होती ठमाक्का. राणीबिणी नव्हती, दोन म्हशींची मालकीण होती. तिची लेक मथुरा दूर, माळापलीकडच्या गावात दिलेली.

त्या गावात एकदा काय झालं, गावजेवण निघालं. सगळ्या बायांनी घरचं सगळं दही मठ्ठ्यात ओतलं. प्रत्येकीला वाटलं, शेजारणीनं चमचाभर विरजणाला ठेवलं असेल. एकीनंही ठेवलं नव्हतं. मग काय, गावभर दूध, पण दही कुठेच नाही. दोष कुणावर? नव्या सुनेवर. मथुरेची सासू म्हणाली, "परवा दिवेलागणीच्या आत दूध विरजलं गेलं पाहिजे. नाहीतर उचल बोचकं आणि जा माहेरी."

निरोप आला तशी ठमाक्का उठली. पितळेत दही कळकतं, म्हणून तिनं मातीच्या बोळक्यात विरजण घेतलं, वर फडकं बांधलं. मग पहाटेच छकड्याला बैल जुंपला. बैलाचं नाव पवन्या, पण चाल अशी की गोगलगायीनं मागे वळून हाक मारावी. दुसरा बैल नव्हता, त्याला ती तरी काय करणार.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवा, बरं का. उजेडी कुणी विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि दिवे लागल्यावर विरजण द्यायचं नाही, घ्यायचंही नाही. शऱ्या, काल वाटी घेऊन शेजारी निघाला होतास, तेव्हा मी ओरडले ते उगीच नाही.

मग चाललाय छकडा. दोन्हीकडे तुरीची शेतं. माणूस दिसेना. एखादा होला घुमायचा, थांबायचा. ऊन वर आलं तेव्हा एक धनगरीण भेटली. "आक्का, चमचाभर विरजण हाय का?" ठमाक्कानं दिलं. धनगरीण मेंढ्यांकडे गेली.

मग भर दुपारी पवन्या एका वारुळापाशी बसला तो उठेचना. वारुळातून मुंग्यांची राणी बाहेर आली. म्हणाली, "बाई, आमच्याकडेही दूध असतं. थेंबभर दे." ठमाक्कानं गवताच्या काडीनं थेंब दिला. बघते तर राणीच्या मागे रांग. हजार मुंग्या, हजार थेंब! बोळकं अर्ध्याच्या खाली गेलं. मग कुठे पवन्या उठला.

मग ऊन कललं. वाटेत एक भलामोठा वड. कुणीतरी त्याच्यावर कुऱ्हाड घातली होती आणि चीक नुसता वाहत होता. वड म्हणाला, "बाई, माझा चीक धरत नाही. सगळा निथळून चाललाय. विरजण लाव." ठमाक्कानं बोळक्यात पाहिलं. तळाशी दोन बोटं उरलं होतं. तिला मथुरेचं तोंड दिसलं. वाटलं, न ऐकल्यासारखं करून पुढे जावं. पण उजेड होता. नाही कसं म्हणायचं? तिनं रडत रडत बोटानं सगळं निपटून जखमेला लावलं. चीक घट्ट झाला, वाहायचा थांबला.

वडानं विचारलं, "वाट किती राहिली?"

"दोन कोस. आणि बैल हा असा."

"जा तू. सूर्य माझ्याच फांद्यांमधून खाली जातो. मी त्याला जरा धरून ठेवतो."

आणि खरंच धरला हो! तिकडे गावात बाया वाती भिजवून बसल्या, गुरव समईपुढे बसला, गुरं गोठ्यात आली, तरी सूर्य आपला तिथेच. पवन्या डुलत डुलत दारात पोचला. सासूनं फडकं सोडलं, आत पाहिलं. "हे तर रिकामं."

ठमाक्का खाली मान घालून उभी राहिली. लेकीचं घर आपल्या हातानं मोडलं असं तिला वाटलं.

मथुरेनं बोळकं हातात घेतलं. "आई, धुतलं नाहीस ना?"

"धुवायला वेळ कुठे होता गं?"

मग मथुरा चुलीकडे वळली. चुलीवरचं दूध कोमट झालं होतं, ते तिनं थेट बोळक्यात ओतलं आणि वर झाकण ठेवलं. माती दिवसभर विरजण पीत आली होती, बरं का. तेवढं पुरतं. माहेरी ती लहानपणापासून हेच बघत आली होती. तिकडे वडानं फांद्या सैल केल्या. सूर्य गेला आणि घरोघर दिवे लागले.

सकाळी झाकण काढलं, तर दही बोळक्याच्या काठापर्यंत घट्ट लागलेलं. उजाडताच अख्खं गाव वाट्या घेऊन मथुरेच्या दारात रांगेत उभं राहिलं. रांगेत सगळ्यात पुढे कोण होतं, सांगा बघू? तिची सासू.

मग मथुरेनं सगळ्यांना चमचा चमचा दिलं, सासूला दोन. तेव्हापासून सगळी सुखानं दहीभात खातात. पवन्या तेवढा अजून परतीच्या वाटेवर आहे. तो घरी पोचेपर्यंत मिटा डोळे.