शेकलेली हलगी

एकदा एक पोरगी मनाची डॉक्टरकी शिकायला म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली राहिली. हुशार होती, आणि ते सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं!

तिथं सुबराव हलगीवाला आला. जत्रेत मांडव कोसळला तेव्हा हा वाजवत होता. शेजारचे दोघं सोबती जागीच गेले. तेव्हापासून घरात ताट पडलं तरी गडी खाटेखाली. गोळ्या सुरू झाल्या आणि काय सांगू, डोळ्याला डोळा लागला, हाताची थरथर थांबली! पण हलगीकडं बघेना, कुणाशी बोलेना.

बायको कावली. "बाई, गोळ्या बंद करा. वाजवू दे की त्यांना, त्यानंच बरे होतील."

"छे! बरं गोळ्याच करणार," पोरगी म्हणाली. "वाजवणं म्हणजे करमणूक."

झालं, दोघींची जुंपली! सुबराव मधे बसलेला. औषध सुटलं तर परत खाटेखाली, नुसतं औषध राहिलं तर जन्मभर असाच मुका.

डॉक्टरीणबाई गालात हसल्या. "सुबराव, हलगी इथं आणू का? नको वाटलं तर लगेच नेते." त्यानं हळूच मान हलवली.

बायकोनं घरून हलगी आणली, दमट हवेनं सादळलेली. बाईंनी ती पोरीच्या हातात दिली. "वाजव."

भद्द!

"अगं, हलगी आहे का गोधडी?" बाईंनी शेगडी पेटवली, हलगी शेकली, कातडं ताठ झालं. मग ती टेबलावर ठेवून हाताची घडी घालून बसल्या.

"आता काय?" पोरीनं विचारलं.

"गप. वाजेल आता."

"आपोआप?"

"का गं? शेकलीय ना चांगली!"

बायको फिसकन हसली. पोरगी लालेलाल. बाईंनी हलगी पुन्हा निखाऱ्यावर धरली, जरा जास्तच जवळ, आणि सुबराव ताडकन उठला.

"अहो बाई, कातडं फाटंल! द्या इकडं!"

हलगी घेतली, बोटं फिरवली आणि एक थाप! कडाड! दचकला, घामानं भिजला, पण पळाला नाही. दुसरी मारली. मग रडत रडत सोबत्यांची नावं घ्यायला लागला. बायको नाचायचीच बाकी राहिली!

बाई पोरीला म्हणाल्या, "शेकल्यानं हलगी तयार होते, वाजवतो तो हात. आणि सादळलेल्या कातड्यावर हात आपटून तरी काय निघणार? एखाद्या हलगीला नुसतं ऊन पुरतं, एखादीला निखारा लागतो."

"मग गोळ्या कधी थांबवायच्या?"

"तुझ्या हट्टानं नाही आणि हिच्याही नाही. हळूहळू, याला विचारत विचारत."

सुबराव हलगी मांडीवर घेऊन खाली बसला होता. पोरगी खुर्ची सोडून त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"मामा, कसे होते हो तुमचे ते दोघं सोबती?"

घाबरलेल्या माणसासाठी भांडायचं असेल तर खुशाल भांडावं, पण आधी त्याच्याजवळ बसावं.