भिवराचा नवरा बगळा झाला त्याची गोष्ट

एकदा काय झालं, एका राजाला पाखरांचा भारी लळा लागला. त्याच्या राज्यात एक भलंमोठं पाणथळ होतं. जिकडं बघावं तिकडं पाणी, लव्हाळी, चिखल आणि पाखरंच पाखरं. मग राजानं दवंडी पिटवली, की हे पाणथळ पाखरांसाठी राखलंय. इथं कुणी जाळं टाकायचं नाही, दगड मारायचा नाही, गलका करायचा नाही. लव्हाळी कापायची ती फक्त काठाची. एवढं करून राजा गेला आपल्या महालात. आपली गोष्ट त्याची नाही, बरं का. आपली गोष्ट भिवराची.

भिवरा आणि तिचा नवरा कोंडिबा पाणथळाशेजारच्या गावात राहायचे. काठची लव्हाळी कापायची, वाळवायची, चटया विणायच्या, बाजारात विकायच्या. म्हणजे विणायची भिवरा आणि विकायचीही भिवराच. कापायचं तेवढं कोंडिबाकडं. आणि हा बाबा कापायला म्हणून गेला, की गेलाच. पाखरू दिसलं की विळा हातात धरून तसाच उभा. दुपारी जेवायला पत्ता नाही. संध्याकाळी यायचा ते चार काड्या घेऊन.

भिवरा विचारायची, "अहो, दिवसभर केलंत काय?"

तर म्हणायचा, "अगं, खंड्या पाण्यात सूर कसा मारतो, सांगू?"

भिवरा कपाळाला हात लावायची. रोजचंच होतं ते.

मग काय झालं, वैशाख सरत आला. ऊन नुसतं भाजून काढत होतं. कोंडिबा पाण्यात पाय सोडून बसला होता. बसल्या बसल्या बोलून गेला, "असं जन्मभर इथंच उभं राहावं आणि बघत राहावं." आता पाण्याकाठी असलं बोलायचं असतं का? पाण्यात आसरा असतात, पाण्याच्या देवी. त्यातल्या एका म्हाताऱ्या आसरेनं ते ऐकलं आणि म्हणाली, "बरं." झालं! कोंडिबाचा झाला राखी बगळा. लांब मान, काटकुळे पाय. हसू नका रे, भिवरावर काय ओढवलं ते ऐका.

दिवस मावळला तरी नवरा घरी आला नाही. भिवरा रात्रभर दाराकडं बघत बसली. सकाळी पाणथळावर गेली, तर काठावर नुसता विळा पडलेला. डोळ्यांना पाणी आलं. तेवढ्यात पाण्यातून आसरा वर आली. केस ओले आणि तोंड आंबट.

"तुझा का गं तो?" आसरा म्हणाली. "ने बाई त्याला. मागितलं म्हणून दिलं, पण जीव नकोसा केलाय. मासा धरत नाही, बेडूक धरत नाही, नुसता बघत उभा. बाकीचे बगळे त्याला भरवून दमले."

भिवरानं डोळे पुसले. "कसा नेऊ, सांगा."

"या काठावरून त्या काठाला पायवाट जाते. चालत जा. त्याला ओळख, मागोमाग आण, पलीकडं पोचलीस की हाक मार. पण वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला, की तो कायमचा बगळा. आणि आजच जा. पाऊस आला, पाणी चढलं की वाट बुडते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो तुला पार विसरलेला असेल."

शब्द काढायचा नाही! भिवरानं! अरे, ती झोपेतसुद्धा बोलायची. पण करते काय? तिनं पदर खोचला, ओठ घट्ट मिटले आणि निघाली.

किती शांत होतं तिथं म्हणून सांगू! पाणी आटून मधे गेलेलं. कडेची माती भेगाळलेली. लव्हाळीतून वारा गेला तर तेवढीच सळसळ. भिवराला आपल्याच पावलांचा आवाज मोठा वाटायला लागला.

मग थोडं पुढं गेली, तर वाटेच्या मधोमध टिटवीची अंडी. घरटं नाही, काही नाही, चार खडे मांडून त्यात अंडी! टिटवी आली अंगावर. टिटिव टिटिव करत डोक्यावर झडप घालते, परत वर जाते, परत झडप घालते. भिवराच्या अगदी ओठांवर आलं, "अगं भवाने, सगळं रान सोडून वाटेतच सुचलं का तुला?" पण तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. वाट सोडून चिखलातून वळसा घातला. चिखलानं तिची एक वहाण गिळली, ती गिळलीच. भिवरा तशीच पुढं.

मग लागला बगळ्यांचा थवा. सगळे राखी, सगळे एका पायावर, सगळ्यांच्या माना आखडलेल्या. आता यातला आपला कोणता? ती बघतेय बघतेय, तर लव्हाळीतून कोल्हा. हो, कोल्हा! पोट जमिनीला टेकवून थव्याकडं सरकतोय. भ्यालास होय रे? ये, माझ्याजवळ सरक. ओरडावं तर नवरा कायमचा बगळा. न ओरडावं तर बगळाही उरायचा नाही. मग तिनं उरलेली वहाण काढली आणि दिली भिरकावून. बसली ती थेट कोल्ह्याच्या नाकावर! कोल्हा शेपूट घालून पळाला. सगळे बगळे फडफडत उडाले आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसले.

सगळे नाही, बरं का. एक तिथंच उभा. चोच वासून, मान वर करून बघतोय, बाकीचे उडताना कसे दिसतात ते.

भिवरानं मनातल्या मनात हात जोडले. हाच. दुसरा कोण असणार!

तिनं हातानं खूण केली. बगळ्यानं मान तिरकी करून पाहिलं. ओळखलं की नाही देव जाणे, पण आला मागोमाग. चार पावलं टाकतो, थांबतो. चतुर दिसला, थांबतो. बेडूक दिसला, थांबतो. भिवराची जीभ शिवशिवते, पण बोलता येत नाही. सूर्य कलायला लागला. काठ अगदी हाकेवर आला आणि हा परत थांबला. किती हातवारे केले, पाय आपटले, ढिम्म हलेना. मग भिवरा वैतागून मटकन चिखलातच बसली आणि तो बघतोय तिकडं बघायला लागली.

पाण्यावर एक टिबुकली पोहत होती. एवढीशी, बदकापेक्षाही लहान. तिच्या पाठीवर पिल्लं बसलेली. एक पिल्लू मागं राहिलं होतं. ते चढायचं, घसरायचं, परत चढायचं. भिवरा श्वास रोखून बघत राहिली. शेवटी टिबुकली थांबली, पाण्यात जरा खाली झाली आणि पिल्लू चढलं. टिबुकली गेली लव्हाळीत. मग कुठं बगळा हलला.

भिवरा अनवाणी काठावर चढली. मागं वळली आणि सवयीनं हाक मारली, "अहो!"

तर काय! काठावरच्या सगळ्या बगळ्यांनी माना वर केल्या. आणि निघाले की तिच्याकडं, तुरुतुरु! किती जणींचे नवरे तिथं उभे होते, कुणास ठाऊक. भिवरा घाबरली. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आजपर्यंत तिनंही कधी घेतलं नव्हतं. पण तिनं डोळे मिटले आणि सगळं पाणथळ दुमदुमेल असं ओरडली, "कोंडिबा!"

डोळे उघडले, तर कोंडिबा गुडघाभर चिखलात उभा. पहिलं काय बोलला असेल?

"ते शेवटचं पिल्लू पाहिलंस का गं?"

"पाहिलं!" भिवरा म्हणाली. "किती वेळा घसरलं बिचारं!" आणि मग तिला जे रडू आलं! रडणं संपल्यावर तोंड सुटलं. दिवसभराचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. घरापर्यंत बोलत गेली. कोंडिबा मान खाली घालून ऐकत गेला, आणि काठावरचा विळा उचलून कापलेला लव्हाळीचा भारा त्यानं डोक्यावर घेतला होता, चांगला मोठा.

मग गावोगावी बातमी गेली. उरलेल्या बगळ्यांच्या बायका पाणी चढायच्या आत आल्या, चालल्या, हाका मारून आपापला घेऊन गेल्या. एक जण मात्र काठापर्यंत आली, आपल्या बगळ्याकडं नीट बघितलं, म्हणाली, "बरा आहे इथंच," आणि घरी जाऊन निवांत जेवली.

तीही सुखात राहिली, तिचा बगळाही सुखात राहिला. भिवरा-कोंडिबाही सुखात राहिले, भांडत भांडत. गोष्ट निजली, आता तुम्ही निजा. कुशीवर वळ रे. दिवा मी घालवते.