पडद्यामागची जागा

"...पण वाक्यंच कापली तर त्या कादंबरीचं उरलं काय, बुवा?"

विश्वंभर तावातावानं विचारत होता. मिरजेच्या निरंजनबुवांकडं तो कीर्तन शिकला आणि एके दिवशी झांजा ठेवून मूकपट काढायला निघून गेला. आता परतला तो एका नामांकित अमेरिकन कादंबरीवरचा मूकपट घेऊनच. मान अशी ताठ, की नमस्काराला वाकतानाही कष्ट पडले.

बुवा सुपारी कातरत राहिले.

"ज्याच्या तंबूत खेळ लावलाय तो तंबूवाला म्हणतो, चित्र थोडं आणि मधेमधे येणाऱ्या वाचायच्या पाट्याच फार. पाट्या कापा, नाहीतर उद्यापासून खेळ बंद! अहो, एकेक वाक्य घासूनपुसून मराठीत आणलंय मी. घरदार सोडून केलंय हे. तुमचा जन्म शब्दांत गेला, तुमचं ऐकेल तो. दोन शब्द सांगा त्याला..."

"आधी बघू तरी."

संध्याकाळच्या खेळाला विश्वंभरानं पुढची खुर्ची झटकून दिली. बुवा थेट पडद्यामागं गेले. तिथं स्वस्तातल्या तिकिटाची मंडळी भुईवर बसत. पाणी मारून ओल्या ठेवलेल्या पडद्याच्या कापडातून चित्र आरपार दिसे, फक्त डाव्याचं उजवं होऊन.

"अहो बुवा, इथून पाट्या उलट्या दिसतात! एक अक्षर लागायचं नाही."

"बस खाली."

बसला बिचारा. करतो काय!

गोष्ट साधीच. बापानं घरातून हाकललेला मुलगा बऱ्याच वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. म्हातारा बाप त्याच्याकडं बघतो... बघतच राहतो. मग उठतो आणि मेजावर दुसरी थाळी मांडतो.

लगेच पाटी आली. कादंबरीतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य, चांगलं लांबलचक, आणि सगळं उलटं. विश्वंभराला राहवेना. तो ते मोठ्यानं म्हणून दाखवू लागला.

शेजारी एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून बसली होती. ती खेकसली, "गप की रे मेल्या! बाप बोलतोय न्हवं त्याच्याशी!"

विश्वंभरानं आजूबाजूला पाहिलं. पाटीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. एक दांडगा हमाल खाली मान घालून भुईवर रेघा ओढत होता. विश्वंभराला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं.

खेळ संपला. लोक धोतरं झटकत उठले. हा तिथंच बसून...

"कापतो, बुवा," शेवटी तो म्हणाला. "सगळ्या कापतो. पण ते एक वाक्य... त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला मी. ते जाईल कुठं?"

बुवांनी बोट केलं. म्हातारी नाक पुसत तंबूबाहेर पडत होती.

"ती बघ, घेऊन निघाली."