हार घातलेलं हेल्मेट

वस्तू बोलायच्या आणि माणसं ऐकूनही घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट. घाटात जनूभाऊंची मोटरसायकल घसरली. डोकं कठड्यावर आपटलं, पण हेल्मेट होतं म्हणून ते स्वतःच्या पायांनी घरी आले. फाटलेले हातमोजे त्यांनी लगेच टाकून दिले. हेल्मेटवर मात्र नुसता ओरखडा होता. त्याला त्यांनी हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि जाहीर केलं, "आता मरेपर्यंत हेच घालणार."

मग फार दिवस घालावं लागणार नाही, असं हेल्मेटच्या मनात आलं. हाराखालून ते म्हणालं, "मालक, मला बदला. वरचं कवच धड दिसतंय, पण आतला थर्माकोल चेपलाय. तुमचा मार त्यानेच खाल्ला. पुन्हा मार खायची ताकद आता त्यात नाही."

जनूभाऊंना तो विनय वाटला. "ज्यानं जीव वाचवला, त्याला टाकून देऊ? इतका कृतघ्न नाही मी."

"बरं," हेल्मेट म्हणालं, "मग उद्या लेकीला मागे बसवाल, तेव्हा मला तिच्या डोक्यावर घाला."

"छे छे! तिला नवं आणतो," जनूभाऊ घाईघाईने म्हणाले.

"दोन आणा," हेल्मेट म्हणालं.