रेन म्हणजे नाव

"...बरं, आणि रेन म्हणजे?"

म्हाताऱ्या खाईने डोळे मिटूनच विचारलं. नाईलकाठच्या त्याच्या शाळेत लेखनिक घडायचे. समोर पाशेद बसला होता. पोरगं हुशार, अगदी लखलखीत! आणि ते त्यालाही ठाऊक होतं, तीच तर पंचाईत.

"रेन म्हणजे नाव, गुरुजी. देह, सावली, हृदय, तसा माणसाचाच एक भाग. कुणी ते उच्चारतंय तोवर मेलेला जगतो. उच्चारणारं कुणी उरलं नाही, की तो पुन्हा मरतो. आता हा शब्द मुळात आला कुठून, याबद्दल थीब्जवाले एक सांगतात, मेम्फिसवाले भलतंच. माझं मत विचाराल तर..."

"राहू दे. देवळातले मोठे लेखनिक येतायत तुला बघायला. चार ओळी लिहायला घे."

याच दिवसासाठी तर पाशेद इतकी वर्षं राबला होता!

त्याने पपायरस पसरला. शाळेची रीत अशी, की शाईची वडी भिजवण्याआधी पाण्याचा एक थेंब जमिनीवर सोडायचा आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं.

थेंब पडला.

"पूर्वजांना," पाशेद घाईघाईने म्हणाला.

"कुणाला?"

"सगळ्यांनाच, गुरुजी."

"बापाचं नाव घे."

...

पाशेदचा बाप विटा थापायचा. आयुष्यभर चिखल तुडवून त्याने पोराला शिकवलं, आणि गेल्या पुरात गेला. वाळूत पुरला त्याला. थडगं नाही, कोरलेलं नाव नाही, मागे हा एकुलता एक. आणि या शहाण्याने शाळेत सांगितलं होतं काय, तर बाप देवळाचा कोठारी! लाज वाटायची, दुसरं काय.

दारात पावलं वाजली. पाहुणे आत आले, बसले.

"नंतर घेतो," पाशेद कुजबुजला. "यांच्यासमोर नको. देवळातल्या कोठाऱ्यांची नावं यांना पाठ असतात."

खाईने पाण्याचं भांडं उचललं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. शाईची वडी कोरडीच राहिली.

"गुरुजी, पाया पडतो!" तो आणखी दबक्या आवाजात म्हणाला. "विटा थापणाऱ्याचा पोर म्हटल्यावर हे मला घेणार नाहीत."

"नसतील घेत."

"मग मी काय करू?"

खाईने डोळे उघडले.

"तुला दुसरं देऊळ मिळेल, लेका. बापाला नाव घेणारं दुसरं तोंड कुठून मिळणार?"