नाव आधी कोणी घ्यायचं

दुष्काळात गडाचं धान्याचं कोठार फुटलं आणि यल्लवाच्या पदरात जोंधळे सापडले. सुभेदार रायाजीरावांनी तिला भर सदरेवर उभं केलं.

“कोणी दिले?”

“पाथरवटांच्या तांड्यानं.”

“तांड्यातल्या कोणी?”

“माझ्या नवऱ्यानं.”

“त्याचं नाव सांग. नाहीतर सगळा तांडा कड्यावरून लोटून देतो.”

पाथरवट समोरच दोरखंडानं बांधलेले होते. यल्लवाचा नवरा त्यांच्यातला कोण, हे सांगायला एकही तोंड उघडत नव्हतं.

“बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, सरकार.”

“मला रिवाज शिकवू नकोस,” सुभेदार गरजले. “नाव घेतल्यानं बाईचं काय झिजतं?”

यल्लवानं सदरेमागच्या चिकाच्या पडद्याकडे पाहिलं. आत सुभेदारांची बायको बसली होती.

“काही झिजत नसेल, तर बाईसाहेबांनी आधी तुमचं नाव घ्यावं. त्यांच्यामागून मी लगेच घेते.”

सुभेदारांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. सगळे पडद्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं बांगड्या वाजल्या आणि आतून हळू आवाज आला,

“अहो, सोडा त्यांना.”