आईच्या थडग्यावरच्या चार ओळी

"म्हणजे एकही चूक नाही, फादर?"

"नाही." फादर सिमांवनी कागद डोळ्यांपासून दूर धरला. "विभक्ती बरोबर. वृत्तही कुठे अडखळत नाही."

दुमिंग सुखावला. रोममध्ये ग्रीक शिकवणारा हा प्राध्यापक आईच्या अखेरच्या आजारात वसईला आला होता; आता तिला माती देऊनही झाली होती. तिच्या थडग्यावर कोरायच्या चार लॅटिन ओळी त्याने स्वतः रचल्या होत्या. त्या दाखवायच्या तर ज्यांनी आपल्याला लॅटिन आणि ग्रीक शिकवलं त्यांनाच, असं त्याच्या मनात होतं.

"वाच," फादर म्हणाले.

त्याने घोळवून घोळवून वाचलं.

"आता आईला सांग, काय लिहिलंयस ते."

"आईला...?"

"तिच्या बोलीत."

दुमिंग हसला. मग घसा खाकरून म्हणाला, "आय..."

पुढचा शब्द येईना. त्याने पुन्हा सुरुवात केली.

"आय, तुया..."

जिभेवर आलं ते लॅटिनच. त्याने ओठ मिटले. कान तापले. आईने शेवटच्या दिवशी त्याचा हात धरून बरंच काही सांगितलं होतं. त्यातलं फारसं न कळता तो नुसती मान हलवत राहिला होता.

"तुम्ही विचारता हे?" त्याचा आवाज चढला. "घरचा एक शब्द तोंडातून निघाला, की तुम्ही जिभेवर खडू ठेवायचात! तास संपेपर्यंत!"

फादरनी कागद टेबलावर ठेवला.

"आय रविवारी भाकरी घेऊन वसतिगृहाच्या फाटकाशी यायची. एकदा मी तिच्याशी लॅटिनमध्ये बोललो. सगळ्या पोरांसमोर. ती बावरून नुसती बघत राहिली... आणि तुम्ही? तुम्ही प्रार्थनेच्या वेळी मला पुढे बोलावून शाबासकी दिलीत!"

"दिली," फादर म्हणाले.

दुमिंगला वाटलं, म्हातारा आता माफी मागेल. निदान डोळे तरी पुसेल.

फादरनी लाल पेन्सिल उचलली. कागदाच्या खाली लिहिलं, 'उत्तम'. कागद घडी घालून त्याच्या हातात दिला.

"हे...? फादर, मी आता याचं काय करू?"

"कोरून घे. दगडाला कुठलीही भाषा चालते."